एका चाकाचा गाडा

काडीमोड झाला आणि सटवाजीने निम्मा संसार उचलला. पण कसा! उखळ ठेवलं, मुसळ नेलं. जात्याची खालची तळी ठेवली, वरची नेली. म्हैस भिवराच्या माहेरची होती म्हणून वाचली, नाहीतर तिचेही दोन तुकडे झाले असते. शेवटी गाडीचं एक चाक काढून तो ते घरंगळवत निघाला.

इतकी वर्षं ‘अहो’ म्हणत आलेली भिवरा म्हणाली, “अरे सटवाजी, एका चाकाचं करणार काय तू?”

“काहीही करीन! हिस्सा म्हणजे हिस्सा!”

तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. राजवाड्यासमोरच्या बाजारात भिवराची दह्याची जागा होती. सटवाजीने तीही मागितली. प्रकरण दुर्जयराव राजाकडे गेलं. राजा असा हट्टी की एकदा ‘नाही’ म्हटलं की म्हटलं!

“नवरा नाही तर जागा नाही,” राजा म्हणाला.

“पण महाराज, दही मी लावते. ह्याला विरजण कशाशी खातात तेही ठाऊक नाही!”

दरबार हसला. राजाला राग आला. “संसाराचा गाडा दोन चाकांवर चालतो, बाई! तू एका चाकावर चालवून दाखव. येत्या बाजारी दह्याची दहा मडकी एका चाकाच्या गाड्यावर घालून इथे आण. दुसरं चाक दिसता कामा नये, मडकं फुटता कामा नये. जमलं नाही तर जागा सटवाजीची आणि तू भावाच्या दारी!”

भाऊ बरा होता, पण भावजय पाण्याचा तांब्यासुद्धा मोजून द्यायची. भिवरा घरी येऊन गाडीशी झटू लागली. चाक नव्हतं त्या बाजूला तिने दगड लावला, ओंडका लावला, शेवटी स्वतःचा खांदा लावला. गाडी धाडकन कलंडली आणि भिवरा शेणात बसली!

शेजारची गोदाक्का विहिरीवरून येत होती. ती खो खो हसत सुटली.

“हस बाई! तुझा नवरा गेला तेव्हा तूही अशीच बसली असशील.”

“मी? माझा गेला तो घोरणंही घेऊन गेला! तेव्हापासून अशी झोप लागते म्हणतेस!”

आता भिवरालाही हसू आवरेना. हसता हसता तिचं लक्ष गोदाक्काच्या डोक्याकडे गेलं. एवढी गदगदून हसत होती, पण भरलेल्या हंड्यातलं पाणी सांडत नव्हतं.

“आक्के, हंडा खांद्यावर का नाही गं घेत?”

“एका अंगाला घेतला तर कलंडेल ना, खुळे!”

भिवरा उठली, लुगड्याचं शेण झटकलं आणि करवत शोधायला लागली.

बाजाराच्या दिवशी सटवाजी मिशीला तूप लावून दरबारात हजर! एवढ्यात बाहेर गलका झाला. भिवरा गाडा ढकलत थेट राजासमोर आली. एकच चाक, तेही फळीच्या मधोमध! डाव्या अंगाला पाच मडकी, उजव्या अंगाला पाच. मागच्या दोन दांड्या भिवराच्या हातात. ना तडा, ना थेंब!

राजा सिंहासनावरून उठला. “अगं, हा पडत कसा नाही?”

“आधी पडत होता, महाराज! एक चाक गेलं तरी उरलेलं मी कडेलाच ठेवलं होतं. मग म्हटलं, गेलेल्याची जागा राखत बसायचं कशाला? उरलेलं मधोमध आणलं!”

राजाच्या मिशा हलल्या. त्याने सटवाजीला विचारलं, “आणि तुझ्या चाकाचं काय रे?”

“भिंतीला टेकवलंय, महाराज,” सटवाजी पुटपुटला. “कोंबड्या बसतात.”

दरबारात हशा पिकला! राजाही पोट धरून हसला. “भिवरा, बाजारची जागा तुझ्या नावावर! वर एक नवंकोरं चाक बक्षीस. म्हणशील तर नवराही शोधून देतो!”

“जागा घेते, महाराज. पण चाक आता लावू कुठे?”

“मग म्हैस घेशील?”

“घेते की! ती आपल्या पायांनी चालते, आणि जाताना निम्मं काही नेत नाही!”

राजा इतका हसला की चाखायला घेतलेल्या वाटीतलं दही त्याच्या मिशांना लागलं. आणि भिवराची दुसरी म्हैस त्याच संध्याकाळी गोठ्यात आली.