रांगेतलं मधलं घर

“प्रत्येक घराला वर्षाला साठ मण जोंधळा? आमच्या परगण्यात?” उदाजीराजे चकित झाले.

“होय महाराज!” दिवाण नारोपंत म्हणाले. “सगळ्यांची कमाई जोंधळ्यात धरली, बेरीज केली आणि घरांच्या संख्येने भागली. बारा वर्षांपूर्वी हाच आकडा चाळीस होता. रयत दीडपट श्रीमंत झाली, तर सारा दीडपट व्हायलाच हवा!”

दुसऱ्या दिवशी बाजारात दवंडी पिटली गेली. बायकांना बांगड्या भरत बसलेली येसू कासारीण ते ऐकून खदखदून हसली.

“साठ मण! अगं बाई, मी या परगण्यातल्या प्रत्येक उंबऱ्यावर बसलेय. साध्या घरात एवढी कणगी कुठं दिसली नाही मला!”

तासाभरात शिपायांनी तिला दरबारात उभं केलं.

“पंतांचा हिशेब खोटा म्हणतेस?” राजांनी दरडावलं.

“हिशेब खरा आहे, सरकार. पण देशमुखांच्या कोठारातलं धान्य त्यांनी माझ्या घरात मोजलं. शिजलं मात्र ते देशमुखांच्याच चुलीवर!”

दरबारात खसखस पिकली. पंत लालबुंद झाले.

“मग तूच सांग! साधं घर आज किती कमावतं आणि बारा वर्षांपूर्वी किती कमवायचं? वह्यांना हात लावायचा नाही. आणि कुणालाही स्वतःची कमाई विचारायची नाही. सारा वाढणार म्हटल्यावर सगळे खोटंच बोलणार!”

“चार दिवस देतो,” राजे म्हणाले. “चुकलीस तर या परगण्यात बांगडी विकायची नाही.”

येसूची चार लेकरं त्याच बांगड्यांवर जेवत होती. पण तिने पदर खोचला. “चालेल, सरकार! फक्त चौथ्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस नदीकाठच्या माळावर बोलवा. देशमुख आले पाहिजेत आणि पंतसुद्धा!”

चौथ्या दिवशी बाराशे एक माणसं माळावर जमली. राजे घोड्यावर बसून बघत होते. येसू दगडावर चढून ओरडली, “एक रांग करा! श्रीमंत पुढं, गरीब मागं!”

झालं! जो तो मागे पळू लागला. शेवटच्या जागेसाठी रेटारेटी सुरू झाली. पण शेजारी कुठले सोडतात?

“ए, दोन म्हशी बांधल्यास दारात, आणि माझ्या मागं उभा राहतोस? हो पुढं!”

“आणि तुझ्या बायकोची नवी पाटली कुणी दिली रे? तूच हो पुढं!”

ओढाओढी करता करता दुपारपर्यंत रांग लागली. सगळ्यात पुढे देशमुख. शेपटाकडे हळूच निघालेल्या पंतांना त्यांच्या आळीवाल्यांनी हात धरून आणलं आणि देशमुखांच्या पाठोपाठ उभं केलं!

येसू मोजत मोजत सहाशे एकाव्या माणसापाशी थांबली. तो होता हैबती साळी. “हे बघा साधं घर, सरकार. निम्मी घरं याच्या पुढं, निम्मी मागं.” मग ती हैबतीच्या दोन शेजाऱ्यांकडे वळली. “याच्या घरात वर्षाला किती येतं?”

“एकवीस मण!” दोघंही एका सुरात बोलले.

“थांब!” पंत ओरडले. “विचारायचं नव्हतं ना?”

“स्वतःची कमाई विचारायची नव्हती, पंत. मी शेजाऱ्याची विचारली. ती तर लोकांना पसा-मुठीपर्यंत पाठ असते!”

राजांनी मिशीतलं हसू दाबलं. “आणि बारा वर्षांपूर्वीचं?”

येसू पुन्हा दगडावर चढली. “आता बारा वर्षांपूर्वीच्या कमाईनं रांगेत जिथं उभे राहिला असतात, तिथं जा! ज्याची तेव्हा वेगळी चूल नसेल, त्यानं बाजूला बसा!”

रांग ढवळून निघाली. एक म्हातारा मान खाली घालून दोनशे माणसं ओलांडत पुढे गेला. त्याला पाहून हसणाऱ्यांनी वाट करून दिली. पंत मात्र जागचे हलेनात. तेवढ्यात मागून एक सुतार ओरडला, “पंत, तेव्हा तुम्ही कारकून होता! माझ्याही मागं उभे राहायचात. या की!” आणि चौघांनी त्यांना पार मागे नेलं.

आता मध्यभागी आली बकुळा तेलीण. तिच्या शेजारणी म्हणाल्या, “त्या साली हिच्याकडं? सव्वीस मण!”

राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “म्हणजे साधं घर पाच मणांनी खाली आलं? मग परगण्याची बेरीज वाढली कशी? ते धान्य गेलं कुठं?”

“सरकार,” येसू हात जोडून म्हणाली, “आज सबंध रांगेत सगळ्यात लांब कोण चाललं, तेवढं बघा!”

बाराशे माना एकदम पंतांकडे वळल्या. राजे पोट धरून असे हसले, की त्यांचा घोडासुद्धा बिचकला!

“सारावाढ रद्द! पंतांच्या कोठाराची आजच झडती घ्या. आणि येसू, तुला पाच बिघे जमीन आणि माल वाहायला एक तट्टू! आणखी काही?”

“ही माणसं सकाळपासून उपाशी उभी आहेत, सरकार. झडतीला निघालाच आहात, तर येताना जोंधळा तिथूनच आणा!”

राजे पुन्हा हसू लागले, आणि हसता हसताच त्यांनी गाड्या जुंपायला सांगितल्या.