गुल्लूचं पोट कुठे गेलं?

कस्तुरीच्या घरात काचेची पेटी. पेटीत पाणी. पाण्यात कोण? गुल्लू!

गुल्लू आहे ॲक्सोलॉटल, पाण्यात राहणारा छोटा प्राणी. म्हण बघू, ॲक्-सो-लॉ-टल! जमलं? वा! नाही जमलं? जाऊ दे. आपण गुल्लूच म्हणू.

गुल्लू गुलाबी गुलाबी. पाय इवले इवले. मानेला झालर. तोंडावर सदा हसू. आणि पोट? गोल गोल पोट!

गुल्लूची मैत्रीण होती मुंगी. मुंगी काचेवर चालायची, तुरुतुरु तुरुतुरु. गुल्लू आतून मागे मागे यायचा, सुळुक सुळुक.

एक दिवस काय झालं? मुंगीला पाळण्याखाली दाणा सापडला. ज्वारीचा! दाणा दाखवायला ती गुल्लूकडे आली. बघते तर काय? गुल्लूचं पोट गायब! गुल्लू काडीसारखा बारीक.

"गुल्लू, तुझं पोट कुठे गेलं?"

"काय सांगू मुंगी! कस्तुरीने मला उन्हात ठेवलं. पाणी झालं कोमट. कोमट पाण्यात मला भूकच लागत नाही. जेवलो नाही, म्हणून पोट हरवलं."

मुंगीला रडू आलं. पण रडून पाणी गार होतं का? नाही! गार पाणी कुठे असतं? माठात!

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा.

"माठा रे माठा, गार पाणी दे!
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

माठ म्हणाला, "मी नाही गं बाई! मीच तापलोय. आधी ओलं फडकं गुंडाळू दे, मग मी निवेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा.

"फडक्या रे फडक्या, भीज ना!
माठ निवेना,
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

फडकं म्हणालं, "मी नाही गं बाई! आधी नळ वाहू दे, मग मी भिजेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा.

"नळा रे नळा, धो धो ये!
फडकं भिजेना,
माठ निवेना,
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

नळ म्हणाला, "मी नाही गं बाई! आधी कस्तुरी उठू दे, माझा कान पिळू दे. मग मी वाहीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा. कस्तुरी बाळाचा पाळणा हलवत होती. कुई कुई, कुई कुई.

"कस्तुरी गं कस्तुरी, ऊठ ना!
नळ वाहेना,
फडकं भिजेना,
माठ निवेना,
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

कस्तुरी म्हणाली, "मी नाही गं बाई! दोरी सोडली की हा भोकाड पसरतो. आधी बाळ झोपू दे, मग मी उठेन."

मुंगी पाळण्यावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा.

"बाळा रे बाळा, झोप ना!
कस्तुरी उठेना,
नळ वाहेना,
फडकं भिजेना,
माठ निवेना,
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

बाळ म्हणालं, "मी नाई गं बाई! आधी खुलखुला वाजू दे, मग मी झोपेन."

खुळखुळा पाळण्यालाच टांगलेला. मुंगी वर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर दाणा.

"खुळखुळ्या रे खुळखुळ्या, वाज ना!
बाळ झोपेना,
कस्तुरी उठेना,
नळ वाहेना,
फडकं भिजेना,
माठ निवेना,
गुल्लू जेवेना,
पोट दिसेना!"

खुळखुळा म्हणाला, "मी कसा वाजू गं बाई? माझ्या पोटातला दाणा पडला. आधी दाणा मिळू दे, मग मी वाजेन."

दाणा तर मुंगीकडेच होता! डोक्यावर दाणा. एकच दाणा! तेच तिचं जेवण. तिच्या पोटात कावळे ओरडत होते.

मुंगीने दाण्याकडे पाहिलं. मग गुल्लूकडे पाहिलं.

"हा घे!" मुंगी म्हणाली. दाणा आत गेला. टुप्!

मग काय!

खुळखुळा वाजला, खुळुक खुळुक!
बाळ झोपलं, घुर्र घुर्र!
कस्तुरी उठली, टुणकन!
नळ वाहिला, धो धो!
फडकं भिजलं, चिंब चिंब!
माठ निवला, गारेगार!

कस्तुरीने गार पाणी पेटीत ओतलं. थोडं थोडं, हळू हळू.

मुंगी म्हणाली, "गुल्लूला उन्हात का गं ठेवलंस?"

"बाळाला तेल लावून उन्हात ठेवतात ना? बाळ बघ कसं गुटगुटीत! म्हटलं, गुल्लूपण होईल."

"अगं, बाळाला ऊन. गुल्लूला सावली!"

"अगं बाई! चुकलंच माझं!" कस्तुरीने पडदा ओढला. सर्र! मग कुंडी उकरली. एक गांडूळ आणलं. गुल्लूने वास घेतला. तोंड उघडलं. सुर्रकन आत!

आणि मुंगी? तिने तर दाणा देऊन टाकला. ती उपाशीच! कस्तुरीने तिच्यापुढे गुळाचा खडा ठेवला. मुंगीपेक्षा मोठा!

गुल्लूचं पोट आलं का? लगेच नाही हं. पोट हळूहळू येतं. आज जरासं. उद्या अजून जरासं. मग एक दिवस, बघ बघ! गोल गोल पोट! मुंगी काचेवर, तुरुतुरु. गुल्लू मागे मागे, सुळुक सुळुक.

गुल्लू जेवला. मुंगी जेवली. आता राहिलं कोण?

तू! कर आ. मोठ्ठा आ!