तुळशीची दुसरी जोडी

घोकंपट्टी करणाऱ्यांना उघडं पाडणं हा डॉक्टर हळब्यांचा आवडता खेळ. वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ते परीक्षक म्हणून आले, की मुलांच्या तोंडचं पाणी पळे. त्या दिवशी त्यांनी तुळशीच्या मंजिरीतलं फूल अंगठ्याच्या नखाने खुडलं, भिंगाखाली ठेवलं आणि शेवंता वाघमोडेला विचारलं, "पुंकेसर किती?"

"चार, सर. दोन लांब, दोन आखूड, अशा दोन जोड्या."

"ते पुस्तकात! समोर दिसतं ते सांग. इथे दोनच आहेत." हळब्यांनी सगळ्यांदेखत शून्य मांडलं.

शेवंताने वाकून पाहिलं. खरंच दोनच होते. ती म्हणाली, "सर, तुळशीला नख लावू नये, असं माझी आई म्हणते."

"इथे विज्ञान चालतं, आईच्या समजुती नाहीत!"

"मग समोर दिसतं तेच दाखवते," म्हणत तिने भिंग त्यांच्या अंगठ्यावर धरलं. नखाखाली आखूड केसरांची जोडी अडकली होती.

हळब्यांनी घाईघाईने अंगठा मुठीत लपवला. शून्य खोडायचं होतं, पण अंगठा बाहेर काढल्याशिवाय पेन काही धरता येईना.