राजाच्या ताटातली चरबी

पूर्वी वेत्रवती नगरात सुधन्वा नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका श्वानपालाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. राजाची लाडकी शिकारी कुत्री चित्रांगी त्याच्याच हाती वाढली होती.

त्या राज्यात एक रीत होती. मेजवानी संपली की राजा आपल्या ताटातले उरलेसुरले चित्रांगीला भरवी, आणि राजाच्या हातचा घास कोणी अडवायचा नसे. मेंढ्याची चरबी, भाजलेली कातडी, तुपात निथळणारे तुकडे ती मिटक्या मारीत खाई. दुसऱ्या दिवशी मात्र पोट आखडून फिरे. सोमिल हे पाहत आला होता आणि गप्प राहत आला होता.

एका विजयोत्सवानंतर ती सकाळपासून ओकू लागली. छाती जमिनीला टेकवी, मागचा भाग उंच धरी. क्षणभर बसे, पुन्हा उठे. राजाला वाटले, विषप्रयोग झाला. मांस रांधणारा आचारी पूर्णक पकडला गेला. सूर्यास्ताला त्याचे दोन्ही हात तोडावेत, अशी आज्ञा झाली.

सोमिलला चैन पडेना. तो कुत्रीजवळ जाई, दारापर्यंत येई, सावल्या किती लांबल्या ते पाही, परत फिरे. बायको म्हणाली, "बसा बघू एका जागी. राजाच्या ताटाला नावं ठेवून कोणी सुखानं घरी परतलंय का?"

तो बसला. मग उठला आणि थेट सभेत गेला.

"महाराज, विष कोणी घातलेलं नाही. आपण भरवलेली चरबी तिला बाधली आहे."

राजा म्हणाला की तेच मांस त्यानेही खाल्ले होते, त्याला काही झाले नाही. सेनापती हसला. "याला महाराजांपेक्षा कुत्रीचं पोट जास्त कळतं."

"कुत्रीचंच कळतं, सेनापती. जन्म त्यातच गेला," सोमिल म्हणाला. "आधी बोललो नाही, हा माझा अपराध. पूर्णकाला सोडा, मला ओलीस ठेवा. तीन दिवस तिला माझ्याशिवाय कोणी काही देऊ नये. ती दगावली तर हात माझे तोडा."

राजाने ते मान्य केले. सोमिलला कुत्रीसह कोठडीत ठेवले. पहिल्या दिवशी त्याने तिला नुसते घोट घोट पाणी दिले, दुसऱ्या दिवशी तांदळाची पातळ पेज, तुपाचा थेंबही नसलेली. राजा सारखा दाराशी येई, तिला पाहून जाई.

तिसऱ्या दिवशी तो जेवणावरून उठूनच आला. चित्रांगी शेपटी हलवीत उठली आणि त्याची बोटे हुंगू लागली. बोटांना तूप लागले होते. राजाने हात मागे घेतला, पाणी मागवून तो स्वच्छ धुतला, आणि मग तिच्या डोक्यावर ठेवला.

एका गृहस्थाच्या घरी आजारी भिक्षूला वाढताना पाहून ही कथा सांगणारे शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, शेवटी म्हणाले, "आजारी भिक्षूला मायेपोटी तुपाळ खीर आग्रहाने वाढणारा हा गृहस्थ तेव्हा राजा होता. भिक्षूला काही झाले तर बोल आपल्यावर येईल म्हणून कोपऱ्यात दडलेली, ती खीर रांधणारी त्याची दासी तेव्हा पूर्णक होती. आणि उशिरा बोलणारा तो श्वानपाल मीच होतो."

दुसऱ्याचे हात वाचावेत म्हणून स्वतःचे हात पुढे करून बोललेले असे सत्य, तीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.