बिनशिंगी खेळाडू

सातपुड्यातल्या एका जंगलात हरणांचा एक कळप राहत असे, आणि मुलांनो, त्या कळपाला चरण्याखालोखाल वेड होते ते फुटबॉलचे. सुगरण पक्ष्यांनी गवताच्या काड्यांचा घट्ट चेंडू विणून द्यायचा, दोन पळसांमधल्या जागेला गोल म्हणायचे आणि दिवस मावळेपर्यंत कुरणाची धूळ उडवायची! या कळपात एक हरिणी होती. चेंडू एकदा तिच्या पायाशी आला, की तो तिचाच होऊन जाई. तिच्याच वर्षी जन्मलेला एक हरिण तिच्या जोडीला खेळे. मान वर न करता तो चेंडू डावीकडे ढकलायचा, कारण डावीकडे ती असणारच, हे त्याला ठाऊक असायचे. दरवर्षी चैत्रात ओढ्यापलीकडच्या कळपाशी मोठा सामना होई. पाडसांच्या वयात या दोघांनी तो लागोपाठ दोनदा जिंकून दिला.

मैदानाचा पंच होता कोल्हा, आणि त्याबद्दल कळप त्याला रोज रानातली फळे आणून देई. त्याने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण नियम करायला पाय कशाला हवेत? जीभ पुरते. तिसऱ्या वर्षी हरणांच्या डोक्यावर शिंगे फुटली आणि कोल्ह्याने मैदानाकाठच्या मातीच्या दरडीवर नखाने नवा नियम कोरला : 'ज्याच्या डोक्यावर शिंगे नाहीत, त्याने मोठ्यांच्या मैदानात पाऊल टाकू नये.' आता तुम्हाला ठाऊकच आहे, हरिणींना शिंगे येत नाहीत. संघात सात जण होते, त्यांतली एकटी हरिणी बाहेर पडली.

ती धावत कोल्ह्याकडे गेली. "पंचसाहेब, माझं चुकलं तरी काय?"

"छे छे, चुकलं कुठे बाई? तुझ्याच भल्यासाठी आहे हे. एखादं शिंग लागलं तर?"

"शिंगं त्यांची आणि बाहेर मी? त्यांना सांगा ना, मान सांभाळून खेळा म्हणून!"

"हे बघ, नियमात हरिणीचं नाव तरी आहे का? नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही बायका आपला वेगळा संघ काढा."

"खेळणारी मी एकटीच आहे."

"मग एकटीने खेळ," असे म्हणून कोल्हा अंग चाटत बसला.

हरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरे दुखले ते पुढेच. तिने आपल्या जोडीदाराकडे पाहिले. तो खुराने माती उकरत म्हणाला, "मी काय करणार गं? नियमच तसा आहे." एवढे बोलून तो सरावाला निघून गेला. दोन वर्षे तिच्या पायांवर जिंकलेला हा हरिण, पण चार शब्द तिच्या बाजूने बोलायला त्याची जीभ उचलली नाही! त्या चैत्रात सातवा गडी मिळालाच नाही. सहा जण खेळलेले चालले, पण ती चालली नाही. संघ पाच गोलांनी हरला आणि हरिणीने तो सामना काठावरून पाहिला. चेंडू सारखा डावीकडे जात होता, आणि तिथे कोणीच नव्हते. वर्षभर ती ओढ्याकाठी एकटी चेंडू खेळत राहिली. येणारे-जाणारे म्हणत, "अगं, आता कशाला?" ती चेंडू पुढे ढकलून त्याच्यामागे धावे.

पुन्हा चैत्र आला. पलीकडचा कळप सकाळीच ओढा ओलांडून हजर झाला. आणि बघतात तर काय, यजमान संघातल्या सहांपैकी तिघांच्या डोक्यावर शिंगेच नाहीत! त्या तिघांत हरिणीचा जोडीदारही होता. मुलांनो, हरणांची शिंगे वर्षाकाठी गळून पडतात आणि मग नवी येतात. हे जंगलातल्या शेंबड्या पाडसालाही माहीत असते. माहीत नव्हते ते फक्त नियम करणाऱ्या कोल्ह्याला, कारण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर शिंगे कधी नव्हतीच.

कोल्हा क्षणभर गडबडला, पण लगेच घसा खाकरून म्हणाला, "काही हरकत नाही. गळलेली शिंगं ही शिंगंच धरावीत. खेळा बिनधास्त!"

हरिणी काठावरून थेट मैदानाच्या मध्यभागी आली.

"वा रे न्याय! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! माझ्या डोक्यावर शिंगं नाहीत तर मला इजा होईल, आणि यांच्या डोक्यावर नाहीत तर काही हरकत नाही? पलीकडच्यांची शिंगं काय हरिण की हरिणी ते बघून टोचतात? पंचसाहेब, तुम्हाला शिंगं कधी नकोच होती. तुम्हाला मी नको होते. तेवढं सरळ म्हणायची छाती नव्हती, म्हणून शिंगांचा आडोसा घेतलात!"

"मैदानाबाहेर हो!" कोल्हा किंचाळला.

"होते. पण मग या तिघांनाही काढा."

जोडीदाराने खाली मान घातली. मग तो हळूहळू चालत मैदानाबाहेर गेला आणि गेल्या चैत्रात ती जिथे उभी होती, त्या काठावर जाऊन उभा राहिला. "तिचं खरं आहे," तो म्हणाला. "मला हे गेल्या वर्षीच म्हणायला हवं होतं. मला लाज वाटते." त्याच्या मागोमाग उरलेले दोघेही बाहेर आले.

पलीकडच्या कळपाचा म्होरक्या वैतागून म्हणाला, "आता तिघांशी काय खेळायचं? आम्ही परत निघतो."

गर्दीतून एक म्हातारी हरिणी ठसक्यात म्हणाली, "जा बाबांनो. सामनाच होणार नसेल, तर पंच तरी कशाला पोसायचा?"

हे मात्र कोल्ह्याला झोंबले. तो गोड हसला. "बरं बरं, आजच्यापुरती सवलत देतो. ये पोरी, खेळ."

"सवलत नको," हरिणी म्हणाली. "नियम पुसा."

"सामन्यानंतर बघू की."

"आत्ता."

कळपातल्या लहानथोरांनी खूर आपटायला सुरुवात केली. कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिले, आणि ज्या नखांनी नियम कोरला होता त्याच नखांनी तो खरवडून काढला. वर्षभराने माती दगडासारखी झाली होती. बराच वेळ लागला. कोणीही मदतीला गेले नाही.

मग सामना झाला. हरिणीच्या खांद्याला एक शिंग घासले, थोडे रक्त आले. तिने ते चाटले आणि धावत सुटली. जोडीदार खूप दिवसांनी मान वर न करता डावीकडे चेंडू देत होता. दोघांनी मिळून दोन गोल केले. पण पलीकडचा कळपही कसलेला होता, त्याने तीन केले.

सामना संपताच कोल्ह्याला कंठ फुटला. "बघितलंत? म्हणूनच सांगत होतो! बिनशिंगी बाई संघात घेतली आणि हरलात!"

हरिणी काही बोलणार, तेवढ्यात तिचा जोडीदार पुढे झाला. "गेल्या वर्षी ती नव्हती आणि आम्ही पाच गोलांनी हरलो," तो म्हणाला. "तेव्हा 'शिंगवाले घेतले म्हणून हरलात' असं कोण म्हणालं होतं, पंचसाहेब?"

तात्पर्य : जो नियम एकालाच अडवतो आणि दुसऱ्यासाठी लगेच वाकतो, तो कोणाच्या भल्यासाठी केलेला नसतो, आणि असा अन्याय डोळ्यांदेखत होत असताना जो गप्प बसतो, तोही त्यात सामील असतो.