ताट सारणारे

"मग मी खोटं बोलू का, बुवा?"

धोंडबुवांनी चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं.

"कच्चं होतं म्हणून कच्चं म्हणालो. यात माझं काय चुकलं? सांगा ना!"

"हळू बोल. मी बहिरा नाही."

त्र्यंबक गप्प बसला. पण किती वेळ? ओलं लाकूड धुमसायचं थांबेपर्यंतसुद्धा नाही.

मठाच्या या मुदपाकखान्यात तो मिसरूड फुटायच्या आधी आला होता. बुवांच्या हाताखाली राबला, शिकला आणि शहरात गेला. आता तो टीव्हीवर होता. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीवर बसायचा. स्पर्धकांनी रांधायचं, याने चाखायचं आणि निकाल द्यायचा. लोक त्याला शेफ त्र्यंबक म्हणत. बुवा अजून त्र्यंबक्याच म्हणत.

गेल्या महिन्यात त्याने शकुमावशींना स्पर्धेबाहेर काढलं. या बाई पाचोऱ्याकडे खानावळ चालवायच्या. हसऱ्या, तोंडाच्या फटकळ, जाईल तिथे माणसं जोडणाऱ्या. घराघरांतून लोक त्यांच्यासाठी टीव्ही लावत. त्या दिवशी त्यांनी पुरणाची दिंडं केली. वाफ पुरती लागली नाही. घडीच्या आत कणीक कच्ची राहिली.

त्र्यंबक तसं म्हणाला. बाई घरी गेल्या.

आणि लोक उठले.

"माझ्या फोटोला चपलांचा हार घातला, बुवा! कोपऱ्यावरचा वाणी साखर बांधून देतो आणि विचारतो, साहेब, बघून घ्या, कच्ची तर नाही ना? माझ्या आईला देवळात बायका म्हणतात, मुलाला जेवायला काय घालून वाढवलंत? आज येताना रिक्षावाल्याने आरशात माझं तोंड बघितलं आणि अर्ध्या वाटेत उतरवलं. उन्हातनं चालत आलोय!"

"पाणी पी."

"आणि यातल्या एकाने तरी ते दिंड खाल्लंय का? एकाने? घरी लोळत वडापाव खातात आणि मला चव शिकवतात!"

"वडापाव चांगला असेल," बुवा म्हणाले.

त्र्यंबकाने कपाळावर हात मारून घेतला.

"चेष्टा करू नका. वाहिनीवाले घाबरलेत. म्हणतात, उद्या कॅमेऱ्यापुढे बसा आणि सांगा की माझी चूक झाली, दिंड शिजलेलं होतं. मग मावशींना परत आणू. नाही सांगितलं तर खुर्ची दुसऱ्याची. आता तुम्हीच न्याय करा. खोटं बोलू, की खुर्ची सोडू?"

बुवांनी आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ तोंडावर घेतली. झाकण परत ठेवलं.

"किती खाल्लंस?"

"काय?"

"दिंड."

"एक घास. तेवढाच घेतात. बाकीच्यांचंही चाखायचं असतं."

"आणि बाई?"

"बाई काय? बाई समोर उभी. पदराला हात पुसत. कच्चं आहे म्हणालो, ताट बाजूला केलं, पुढचं मागवलं. रोजचं काम आहे ते."

"उरलेलं?"

"उरलेलं... नेतात उचलून."

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे!" त्र्यंबकाचा आवाज पुन्हा चढला. "बुवा, मी न्यायाचं विचारतोय आणि तुम्ही उष्ट्याचं विचारताय!"

बुवांचे ओठ घट्ट मिटले. मठात ज्यांना हे रागाचं लक्षण माहीत होतं ते अशा वेळी मुकाट्याने बाहेर जात. त्र्यंबकालाही माहीत होतं. तो गेला नाही.

तेवढ्यात गोदाक्का निवडलेल्या मेथीची पाटी घेऊन आत आल्या. गावातल्या होत्या, सणासुदीला मठात हात द्यायला यायच्या. पाटी खाली ठेवता ठेवता त्यांचं लक्ष त्र्यंबकाकडे गेलं. त्या जवळ आल्या. निरखून पाहिलं.

"अगं बाई! हे तर ते ताट सारणारे!"

"मी परीक्षक आहे, आजी."

"तेच ते." गोदाक्कांनी एक बोट पुढे केलं आणि हवेतल्या हवेत काहीतरी दूर ढकललं. तोंड दुसरीकडे फिरवलं. "असं! आमच्या आळीतली पोरं हल्ली जेवताना असंच करतात, मेली. आयांच्या हातचा मार खातात."

"दिंड कच्चं होतं, आजी."

"असेल की. माझीपण राहतात कधीमधी." एवढं बोलून त्या पाटी रिकामी करायला लागल्या. जाताना दारातून पुन्हा एकदा वळून पाहिलं, त्र्यंबकाला नव्हे, त्याच्या उजव्या हाताकडे.

"बघितलंत?" त्र्यंबक म्हणाला. "हे असं आहे. शिजलं होतं की नव्हतं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. न्याय गेला चुलीत. यांचं भलतंच काहीतरी!"

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

"बघितलं," ते म्हणाले.

...

मग ते हात झटकून उठले.

"मला भूक लागली. माझ्यापुरती एक भाकरी टाक."

"मी?"

"का? खुर्चीत बसून हात गेले?"

त्र्यंबकाला हे लागलं. त्याने बाह्या वर सारल्या, परात ओढली, ज्वारीचं पीठ घेतलं. आधणाचं पाणी घातलं. मळताना त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. हात काही विसरले नव्हते. भाकरी काठोकाठ सारखी थापली गेली. कुठे चीर नाही, कुठे जाड नाही. तव्यावर टाकून त्याने वरून पाण्याचा हात फिरवला आणि बुवांकडे पाहिलं. शाबासकी मिळेल असं वाटलं असावं.

बुवा जाळाकडे बघत होते.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. वाहिनीचा माणूस होता.

"नाही! उद्या सांगतो म्हणालो ना?... नाही, तसं वाक्य मी म्हणणार नाही!... लोकांचं राहू द्या, लोकांना काय कळतं?... अहो, ऐकून तर घ्या!"

एका हाताने मोबाइल कानाला, दुसऱ्या हाताने त्याने भाकरी उलटली. बोलता बोलता पुन्हा उलटली. निखाऱ्यावर शेकायची राहिली. तशीच उचलून टोपलीत टाकली.

बुवांनी पाहिलं.

दुपारी पंगत बसली. गावातली माणसं होती, वाटेवर थांबलेले दोघे ट्रकवाले होते, बायका होत्या. बुवा सगळ्यांच्या ओळीतच बसायचे. वेगळा पाट नाही, वेगळं पान नाही. आणि पानात कधी कण राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

त्र्यंबकाने स्वतःच्या हाताने त्यांच्या पानावर भाकरी वाढली. शेजारी आमटी, मेथीची भाजी. मग तो समोर उभा राहिला. गोदाक्कांनी शेजारणीला कोपर मारलं. ट्रकवाल्यांनीही त्याला ओळखलं, माना जवळ आल्या, कुजबुज झाली. झाली तर झाली. चाखणारा आज दुसरा होता आणि भाकरी त्र्यंबकाची होती. त्याला कसली भीती?

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला. आमटीत बुडवला. तोंडात घातला.

जबडा हलला... थांबला.

"कच्ची."

आणि एका बोटाने त्यांनी पान पुढे सारलं.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर पत्रावळ खरखरली. तेवढा एकच आवाज. बुवांनी मान फिरवली आणि दाराकडे पाहत बसले, दुसरं कुणी काही घेऊन येणार असल्यासारखे.

पंगतीतले हात थांबले. कुणाचा घास हातात राहिला, कुणाचा गालात. एक ट्रकवाला पाणी पीत होता, त्याने तांब्या अलगद खाली ठेवला.

त्र्यंबकाचे कान तापले. पाहतो तो, आपले दोन्ही हात सदऱ्याच्या टोकाला पुसत होते. कोरडे हात. केव्हापासून पुसत होते कोण जाणे.

"बुवा..."

बुवा दाराकडेच बघत होते.

"फोन आला... घाई झाली. शेकायची राहिली. कच्ची असेल, मान्य आहे. कच्ची म्हणा, चारचौघांत म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण पान... इतक्या माणसांसमोर पान कशाला सारलंत?"

कुणी हसलं नाही. गोदाक्कांनी मान खाली घातली होती.

बुवांनी तोंड वळवलं. तेच बोट पुढे केलं, पानाच्या कडेला लावलं आणि पान पुन्हा स्वतःसमोर ओढून घेतलं.

ते जेवू लागले.

भाकरी कच्ची होती. मधलं पीठ टाळूला चिकटत होतं. ते जिभेने सोडवत, पाण्याचा घोट घेत आणि पुढचा तुकडा मोडत. चेहरा वाकडा नाही, कौतुकही नाही. घाई तर नाहीच. बाकीच्यांची जेवणं झाली, पण बुवा उठल्याशिवाय पंगत उठत नसे. सगळे हात वाळवत बसून राहिले.

त्र्यंबकाच्या खिशात मोबाइल पुन्हा वाजला. त्याने तो चाचपून बंद केला. मग बुवांच्या पानासमोर, जमिनीवर, मांडी घालून बसला.

शेवटच्या तुकड्याने बुवांनी आमटी पुसून घेतली. तो तुकडा खाल्ला. पानाची घडी घातली. हातावर पाणी घेतलं.

मग त्यांनी त्र्यंबकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"कच्चीच होती," ते म्हणाले.