खाडीवरचे दगड

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध मास्तर राहत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांना पक्षी दाखवण्याचं काम पत्करलं होतं. शरद ऋतू लागला की उत्तरेकडचे पक्षी थव्याथव्याने या किनाऱ्यावर उतरत आणि त्यांच्या मागोमाग शहरांतून माणसांचे थवे येत. मास्तर त्या माणसांना सुरूच्या बनातून, वाळूवरून, खाडीच्या चिखलापर्यंत नेत. त्यांनी नाव सांगितलं की मग कुणी पुस्तक उघडून खात्री करत नसे.

त्यांची एक शिष्या होती, शलाका. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली, हुशार, आणि वडीलधाऱ्यांच्या सावकाशीला विटलेली. "मास्तर, तुमचं एक वाक्य संपेपर्यंत पक्षी हिमालयात परत जाईल," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणे. मास्तर हसून म्हणत, "जाऊ दे की. आश्विनात परत आला म्हणजे पुरं करू वाक्य."

या शिष्येला एक ध्यास लागला होता.

दोन वर्षांपूर्वी काही संशोधक किनाऱ्यावर आले होते. पक्षी जाळ्यात धरायचे, पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचे, असं त्यांचं काम. शलाका मदतीला होती. चिखल्या नावाचा एक लहानसा, मातकट पक्षी तिच्या मुठीत दिला गेला. हिमालयापलीकडच्या उजाड माळांवर तो जन्मतो आणि हिवाळ्यात इथे येतो. त्याच्या डाव्या पायात हिरवं कडं तिने स्वतःच्या हातांनी चढवलं. चढवताना त्याचं काळीज तिच्या तळव्यात थडथडत होतं. मूठ उघडली आणि तो गेला. थडथड मात्र तळव्यातच राहिली.

पुढच्या शरदात तो परत आला. त्याच चिखलाच्या पट्ट्यावर, खारफुटीतल्या त्याच वाकड्या तिवराच्या झाडाखाली. शलाका त्या दिवशी घरी रडत गेली होती.

यंदा त्याच्या जातीचे सगळे येऊन महिना उलटला होता. तो तेवढा आला नव्हता. ती रोज पहाटे खाडीवर जाई आणि उन्हं चढल्यावर परते. आई विचारी, "कोण यायचंय गं एवढं?" ती म्हणे, "कुणी नाही."

आणि आता तिच्याकडे दिवसच उरले नव्हते. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली होती. बांधलेलं सामान ओसरीवर होतं, दुपारची गाडी होती. पुन्हा शरदात सुट्टी मिळेल याची शाश्वती नव्हती. त्या शेवटच्या सकाळी मास्तरांबरोबर बावीस जणांची सहल होती. शलाका मदतनीस म्हणून गेली, पण तिचे डोळे फक्त एका पायातल्या एका कड्यासाठी गेले होते.

मंडळी उत्साही होती. फरशांचा एक व्यापारी मुसळाएवढी लेन्स खांद्यावर घेऊन सर्वांत पुढे चालत होता.

"मास्तर, दोन तास झाले. बगळे आणि घार! बगळे आमच्या नाल्यावरही आहेत हो."

"तिथले बगळे तुम्ही बघितलेत का पण?" मास्तरांनी विचारलं. सगळे हसले, व्यापारीही हसला.

सुरूचं बन संपलं आणि ओहोटीने उघडा पडलेला चिखल समोर आला. मास्तरांनी दुर्बीण तिपाईवर लावली आणि डोळा टेकवला. नेहमी ते क्षणभर बघत आणि बाजूला होत. आज ते बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच त्यांनी दुर्बिणीचं तोंड दुसरीकडे वळवलं.

"इथे काही नाही. चला, धक्क्यावर जाऊ. कुरव पक्षी बघू," ते म्हणाले.

"अहो, पण ते काय ठिपके दिसतायत तिवराकडे?" व्यापाऱ्याने लेन्स उचलली.

"दगड आहेत ते."

शलाकाच्या कानांवर तिचा विश्वास बसेना. ज्या माणसाने तिला पंखाच्या नुसत्या फडफडीवरून जात ओळखायला शिकवली, तो माणूस चाळीस चिखल्यांना दगड म्हणत होता! तिने तोंड उघडलं. पण गुरूला चारचौघांत खोटं पाडू नये, एवढं वळण तिच्याही अंगी होतं, आणि त्या वळणाचा तिला त्या क्षणी भयंकर राग आला.

"शलाका, मंडळींना घेऊन पुढे हो," मास्तर म्हणाले. ती पुढे झाली. बावीस माणसं दगडांकडे पाठ करून तिच्यामागून गेली.

धक्क्यावर शेकडो कुरव भेटले. मासे उतरवणाऱ्या बाया त्यांना शिव्या घालत होत्या आणि ते बायांच्या डोक्यावरूनच मासे पळवत होते. व्यापाऱ्याने दोनशे फोटो काढले. "वसूल झालं बघा!" असं म्हणत सगळे गाडीत बसले. गाडी वळणाआड गेली आणि शलाका मास्तरांकडे वळली.

"तो होता ना तिथे?"

"होता. हिरवं कडं. स्वच्छ दिसलं."

"आणि तुम्ही दगड म्हणालात! महिनाभर मी इथे झिजतेय. आज मी चाललेय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हा म्हाताऱ्या माणसांना वाटतं तरी काय? सगळं तुम्हीच ठरवायचं? कुणी काय बघायचं, कुणी किती थांबायचं?"

मास्तर धक्क्याच्या कडेला बसले. त्यांनी तिला बोलू दिलं. तिचे शब्द संपल्यावर ते म्हणाले,

"त्याची छाती बघितली मी, बाय. मधलं हाड धारेसारखं वर आलंय. काल-परवाच उतरलाय. एवढा डोंगर ओलांडून आला, अंगात काही शिल्लक नाही. चिखल उघडा असतो तेवढाच वेळ त्याचं ताट वाढलेलं असतं. मग भरती येते आणि ताट उचललं जातं. गेल्या साली एका पाहुण्याने उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवल्या, आठवतं? थवा चार वेळा उठला. त्या ओहोटीत एकही पाखरू धड खाऊ शकलं नाही. तू तर त्याच्यासाठी सगळ्यांच्या पुढे धावली असतीस."

धावली असती, हे खरंच होतं.

मास्तर पुढे म्हणाले, "माझी लेक परदेशातून पहिल्यांदा आली, तेव्हा चार दिवसांची रजा होती तिला. मी काय केलं? गावभर मिरवली. या घरी चहा, त्या घरी ओटी. परत गेल्यावर तिने फोन केला. म्हणाली, 'बाबा, चार दिवसांत तुमच्या हातची पेज राहूनच गेली.' मला ती हवी होती, आणि तिला घर हवं होतं. आपली ओढ खरी असते, शलाका. पण आलेल्याची भूक तिच्याहून खरी असते. ज्याची वाट बघितली, त्याला आल्यावर निवांत जेवू द्यावं. तेवढंच वाट बघणाऱ्याच्या हातात असतं."

"तरी मला सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. आवाज उतरला होता, पण मागे हटला नव्हता. "कानात सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

म्हाताऱ्याने मान डोलावली. "हवं होतं. तुझ्यावर भरवसा ठेवायला हवा होता. ते चुकलं माझं." त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. "अजून तासभर चिखल उघडा आहे. मी येत नाही. तू जा."

ती धावतच निघाली. सुरूच्या बनाच्या टोकाला आली आणि थांबली. शेवटच्या झाडाला टेकून तिने दुर्बीण लावली.

चाळीस चिखल्यांचा थवा. पळायचं, थबकायचं, चोच खुपसायची, पुन्हा पळायचं. वाकड्या तिवराखाली एक जरा वेगळा, एकटा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पण ऊन चढलं होतं. ओल्या चिखलावरची हवा थरथरत होती आणि त्या थरथरीत पाय नुसते काळे दिसत होते. सकाळच्या गारव्यात मास्तरांना जे दिसलं, ते आता इथून दिसणार नव्हतं. तीस पावलं पुढे गेलं तर दिसलं असतं.

तिने एक पाऊल टाकलं. तिवराखालचा तो थबकला आणि मान उंचावून तिच्या बाजूला बघू लागला. चोचीत एक किडा वळवळत होता. तो त्याने गिळला नव्हता.

शलाका तशीच उभी राहिली. दुपारी गाडी होती. पुढच्या शरदाचं काही सांगता येत नव्हतं. आणि तो तोच आहे याला पुरावा एकच होता, आज एकदा खोटं बोललेल्या माणसाचा शब्द. तिच्या तळव्यात जुनी थडथड पुन्हा सुरू झाली. तिने मूठ आवळली, उघडली, आणि टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

त्याने किडा गिळला आणि तिच्याकडे पाठ करून तो पुढे पळाला.

ती झाडाखाली बसून राहिली. पाणी बोटाबोटाने चढत आलं. त्याच्या आधी पाखरं सरकत होती, शेवटच्या ओल्या वितीपर्यंत खात होती. मग चिखल बुडाला. कुणी न उठवता थवा आपणहून उठला, खाडीवर एकदा वळला, सगळी पांढरी पोटं एकदम चमकली आणि थवा पलीकडच्या वाळूवर उतरला. त्यांतला तिचा कोणता, ते तिला कधीच कळणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर मास्तर काठी टेकत समोरून येत होते.

"दिसलं का गं कडं?"

तिने दुर्बीण त्यांच्या हातात परत दिली. डोळे भरलेले होते आणि ते लपवण्याची तिला गरज वाटली नाही.

"नाही दिसलं," ती म्हणाली. "पण पोटभर जेवला, मास्तर."